गाडीची कारणं

पश्चिम वसईत चढ म्हणावा असा एकच आहे, गिरीजच्या हिरा डोंगरीचा. तोही दत्ताच्या दर्शनाला निघालात तरच वाट्याला येतो. बाकी किल्ल्यापासून अर्नाळ्यापर्यंत सगळी जमीन भाकरीसारखी थापलेली. वाड्या, खाजणं, मिठागरं, पुन्हा वाड्या. डोंगर आहेत ते रेल्वेच्या पलीकडे, तुंगारेश्वराचे आणि जीवदानीचे. पायडल मारत जन्म काढायचा असेल तर याहून बरा मुलूख शोधून सापडायचा नाही. आणि अशा मुलखात घर ते बँक या सहा-सात किलोमीटरसाठी मी रोज जवळजवळ एक टन लोखंड हलवत होते.

घर पापडीजवळ, शाखा निर्मळच्या बाजूला. माझं टेबल कर्जाचं, त्यातही जास्त करून वाहनकर्जाचं. म्हणजे ज्या गाडीतून उतरून मी आत यायचे, तशाच आणखी गाड्या रस्त्यावर आणणं हे माझ्या पोटापाण्याचं काम. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं सगळं कीर्तन वाटेल.

गाडी आली तेव्हा तिला कारण होतं. सासऱ्यांचं हृदयाचं दुखणं, रात्री-अपरात्री दवाखाना, कधी थेट मुंबई. रात्री दोन वाजता जवळच्या भाबोळ्याला रिक्षा मिळेल याची हमी कोण देणार? सासरे गेले, गाडी राहिली. ज्या कारणासाठी गाडी घरात येते ते संपलं म्हणून ती जात नाही, आपली आपण नवी कारणं शोधून काढते. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची असते. ऊन असतं. पाऊस असतो, किंवा येईलसा वाटत असतो. साडी नवी असते. ‘दारात गाडी असून चालत आलीस?’ असं विचारणारी एक मावशी असतेच. आमच्याकडच्या गाड्यांच्या पाटीवर एम.एच. ४८ असतं आणि ज्या अहमदाबाद महामार्गावर त्या तासन् तास अडकून पडतात त्याचाही नंबर ४८. निव्वळ योगायोग, पण वर्सोवा पुलाच्या अलीकडे इंजिन बंद करून बसलं की असल्या गोष्टी सुचायला भरपूर वेळ मिळतो.

तेव्हा ‘मी गाडी सोडली’ असं मी कुणाला सांगत नाही. सोडायची म्हटलं की घरात वाद होतो आणि वादात गाडीच जिंकते. मी तिची कारणं तेवढी काढून घेत गेले, एकेक करून, फारसा गाजावाजा न करता.

लेक होस्टेलला गेली तेव्हा तिची सायकल जिन्याखाली पडून होती. दोन्ही चाकं बसलेली. ढकलत पापडीच्या सायकलवाल्याकडे नेली. दुकान म्हणजे टपरी, वर तारेला टांगलेले जुने टायर, खाली पाण्याचं घमेलं. त्याने ट्यूब बाहेर ओढली, हवा मारली आणि वीत वीत सरकवत पाण्यात बुडवत गेला. एका जागी बुडबुडे सुटले. तिथे खूण केली, ट्यूब पुसली, कानसीने घासली, सोल्युशन लावून फुंकर घातली, ठिगळ दाबलं आणि वर हातोडीचे दोन ठोके. मग टायरच्या आतून बोट फिरवत त्याने केसाएवढी बारीक पोलादी तार उपटून काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. ‘ट्रकच्या टायरातली आहे. झिजलेल्या टायरातून निघतात आणि कडेला साचतात. सायकल पण कडेनेच चालते ना.’ चेनला ग्रीस लावू नका, वाळू धरतं, असंही त्याने बजावलं. तेलाचे थेंब सोडायचे आणि कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचं. समुद्र इतका जवळ की चार दिवस लक्ष दिलं नाही तर चेन तांबूस दिसायला लागते.

पहिली गेली ती औषधाची आणि दुधाची कारणं. त्यांना फार जीव नव्हताच. मग बाजाराचं. पापडीच्या आठवडे बाजाराला गाडी न्यायची म्हणजे आधी ती ठेवायला जागा शोधायची, आणि जागा मिळायची ती इतकी लांब की तिथून बाजार गाठण्यापेक्षा घरून चालत येणं परवडलं असतं. आगोटीची खरेदी तर मी फार खुशीने सायकलवर टाकली. पावसाळ्याच्या तोंडावर कांदे, मिरच्या आणि सुकी मासळी भरून ठेवल्याशिवाय इथल्या बाईला चैन पडत नाही. बोंबील, जवळा, करंदी गाडीच्या डिकीतून आणली की वास एसीत शिरतो तो गणपतीपर्यंत मुक्कामाला असतो. कॅरिअरवर तोच माल मोकळ्या हवेत येतो. वासाचं काय ते मागून येणारे बघून घेतील.

ऑफिसचं कारण चिवट निघालं. वेळेची सबब चालेना. गाडीला पंचवीस मिनिटं लागत, सायकलला पस्तीस, आणि अरुंद रस्त्यावर एसटी नि पाण्याचा टँकर समोरासमोर आले तर दोघींना सारखाच उशीर. खरी अडचण वेगळी होती. लोकांना कर्ज द्यायला बसलेली बाई घामाने निथळत आली तर त्या बँकेवर कोण विश्वास ठेवणार? मी आधी कामाचे शनिवार धरले. मग हळूच शुक्रवार. ड्रॉवरमध्ये एक जादा कुर्ता आणि टॉवेल आला. सुरुवातीच्या दिवसांतच ओढणीचं टोक मागच्या चाकात गेलं आणि चेनने ते दातांत धरावं तसं धरलं. मी ओढत बसले. शेजारच्या वाडीतून लाल लुगड्यातली एक म्हातारी आली, माझा हात बाजूला केला आणि पायडल उलटं फिरवायला लागली. ‘ओढू नको बाय, उलटं फिरव, आपसूक सुटतं.’ सुटलं. काळ्या तेलाचा पट्टा असलेली ती ओढणी मी अजून वापरते, पण खांद्यावरून घेऊन कमरेला घट्ट गाठ मारून.

गाडीतून हा रस्ता मला वळणांनी पाठ होता. सायकलवरून तो वासांनी कळायला लागला. बेकरी, मोगऱ्याची वाडी, शेणखत, कुठेतरी तव्यावर पडलेली मांदेली. आणि बावखलं. वसईबाहेरच्यांसाठी सांगते. वाड्यांच्या कडेला राखलेल्या गोड्या पाण्याच्या तळ्याला आम्ही बावखल म्हणतो. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, विहिरींना पुरतं आणि खालून सरकणाऱ्या खाऱ्या पाण्याला थोपवून धरतं. केळी, पानवेली, भाजी, फुलं, जे काही पहाटेच्या लोकलने दादरला जातं ते सगळं त्याच्या जिवावर. एका वळणापाशी असं एक बावखल आहे हे मी इतकी वर्षं गृहीत धरलं होतं. सायकलवरून पाहिलं तर तिथे भराव. फुटक्या टाईल्स, प्लास्टरची ढेकळं, कुणाच्या तरी जुन्या बाथरूमची निळी फरशी, आणि सपाट केलेल्या जागेवर पाच-सहा गाड्या लावलेल्या. कधी बुजवलं, कुणी बुजवलं, कळायला मार्ग नाही. मी रोज तिथून गेले होते, काच वर करून. त्या गाड्यांतल्या एकीची फाईल माझ्याच टेबलावरून गेली होती. मालक ओळखीचे. हात करून बोलावलं, ‘मॅडम, आज सायकल? गाडी गॅरेजला का?’

भरावाची ही गोष्ट एका वळणापुरती नाही. १९९० साली वसई-विरारचं नियोजन सिडकोकडे गेलं. २००९ च्या जुलैत चार नगरपरिषदा आणि आसपासची गावं मिळून महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराने बारा लाखांचा आकडा ओलांडला. या सगळ्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती विहिरींसाठी, वाड्यांसाठी लोकांना रस्त्यावर आणत होते, आणि गावं ‘आम्हाला महापालिका नको’ म्हणून उठली होती. आम्ही नोकरदार माणसं ते पेपरात वाचायचो आणि एखाद्या मोठ्या लढाईची बातमी वाचावी तसं बाजूला ठेवायचो. बिल्डर आणि पुढारी यांच्यातलं ते काहीतरी आहे, आपला काय संबंध? पण रस्ता रुंद करायचा म्हटलं की इकडे वाडी असते आणि तिकडे विहीर. मंजूर केलेली प्रत्येक गाडी धावायला थोडी जागा मागते आणि उभी राहायला आणखी थोडी, दिवसभर आणि रात्रभर. ती जागा कागदावर कुठेच लिहिलेली नसते. आमच्या अर्जात उत्पन्नाचा रकाना आहे, जामीनदाराचा आहे, गाडी ठेवणार कुठे याचा नाही.

‘हे काय हॉलंड आहे का?’ हा प्रश्न मला जितक्या वेळा ऐकावा लागतो तितक्या वेळा सायकलची घंटासुद्धा ऐकू येत नाही. हॉलंडही एकेकाळी हॉलंड नव्हतं. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यात चारशेच्या वर मुलं होती. गाड्यांसाठी रस्ते रुंद करायचं काम तिथेही जोरात चालू होतं. आईबाप रस्त्यावर आडवे झाले, ‘मुलांच्या हत्या थांबवा’ असं थेट नाव असलेली चळवळ उभी राहिली. त्यातच १९७३ च्या नोव्हेंबरात तेलाची टंचाई आली आणि सरकारने रविवारी गाड्याच बंद ठेवल्या. लोक मोकळ्या महामार्गावर सायकली घेऊन फिरले. आज उट्रेख्त स्टेशनाखाली साडेबारा हजार सायकली ठेवायची सोय आहे. लोक घरून सायकलने येतात आणि आगगाडी पकडतात. मला यातली शेवटची गोष्ट फार जवळची वाटते, कारण सपाट जमीन, बांध घालून अडवलेलं खारं पाणी आणि लोकलवर अडकलेला जीव या तिन्ही गोष्टी वसईकराला कुणी समजावून द्यायला नकोत. फक्त वसई रोडला, नालासोपाऱ्याला किंवा विरारला सायकल निर्धास्त लावून सकाळची विरार-चर्चगेट पकडता येईल अशी जागा हवी. फार मोठी मागणी नाही. आणि नाट्यमय आडवं होण्याचीही गरज नाही, आमच्याकडे लोक प्लॅटफॉर्मवर उभ्याउभ्याच पुरेसे आडवे होतात.

पण हॉलंडपर्यंत जायची गरज काय? गोखिवरे, सातिवली, वालीव भागात कारखान्यांच्या गाळ्यांची पाहणी करायला मला कर्जाच्या कामाने जावं लागतं. सकाळी आठच्या आधी पोचले तर तिकडे सायकलींचा लोंढा दिसतो. नालासोपारा पूर्वेकडून, चाळींमधून निघालेली माणसं, काळ्या, आडव्या दांडीच्या सायकली, कुणाचं मडगार्ड तारेने बांधलेलं, आणि जवळजवळ प्रत्येक कॅरिअरवर स्टीलचा डबा. डबा बांधायला दोरी नाही, बाजारातला हुकवाला पट्टाही नाही. फाटकी ट्यूब लांबीत कापून काढलेली पट्टी असते. रबर ताणून दोन वेढे दिले की खड्ड्यात सायकल उडाली तरी डबा जागचा हलत नाही. २०११ च्या जनगणनेत कामावर कसं जाता हे लोकांना विचारलं होतं. शेतीबाहेर काम करणाऱ्यांपैकी अडीच कोटींहून जास्त लोकांनी सायकल सांगितली. मोटार सांगणारे त्यांच्या पावपटही नव्हते. तरीही ‘सायकलचे दिवस आपल्याकडे परत आणायला हवेत’ असं आपण भाषणात म्हणतो. ज्यांच्या सायकलीचे दिवस कधी गेलेच नाहीत ते तेव्हा सातिवलीच्या गाळ्यात मशीनवर उभे असतात.

३ जून हा जागतिक सायकल दिन. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये ठरवला. २०२० साली नेमक्या त्याच तारखेला साहिबाबादचा ॲटलस सायकलचा कारखाना बंद पडला, हे मी वरच्या ऑफिसातून आलेल्या पत्रकात शोधलं, पण त्यात नव्हतं. पत्रकात होतं की शाखेत कुणी सायकलने येत असेल तर फोटो पाठवावा. माझा फोटो काढायचं ठरलं. हेल्मेट घाला मॅडम, हसा, मागे बँकेची पाटी येऊ दे. पाटीखाली आमच्या वॉचमन काकांची सायकल लावलेली असते. कधीची, कुणाला आठवत नाही. नालासोपारा पश्चिमेहून गासमार्गे ते रोज येतात, माझ्या आधी पोचतात आणि माझ्यानंतर निघतात. फोटो काढणाऱ्याने त्यांना सांगितलं, ‘काका, ती जरा बाजूला घ्या, फ्रेममध्ये येतेय.’ काकांनी घेतली. मी हेल्मेट घालून हसले. फोटो बँकेच्या गृहपत्रिकेत छापून आला, खाली ‘पर्यावरणासाठी पहिलं पाऊल’. काकांनीच तो अंक मला आणून दिला आणि फोटो चांगला आलाय म्हणाले. त्यात चेष्टा नव्हती, म्हणून जास्त टोचलं.

पावसाचं म्हणाल तर जुलैत मी हार मानते. वसईचा पाऊस हा रेनकोटने झेलायचा प्रकार नाही. २०१८ च्या जुलैत नालासोपाऱ्याच्या रुळांवर पाणी चढून गाड्या बंद पडल्या, मिठागरांतल्या वस्तीत माणसं अडकली, आणि अंधारात दिवस काढावे लागले. पाण्याची वाट बुजवली की ते आपली वाट शोधतं. सनसिटीहून गासला जाणारा रस्ता एरवी सकाळी फिरायला काय सुरेख, दोन्ही बाजूंना मोकळं खाजण, बगळे. दोन दिवस झोडपलं की तो रस्ता कुठे संपतो आणि खाजण कुठे सुरू होतं हे ठरवणं कठीण. पाण्याखालचा खड्डा सायकलला दिसत नाही. अशा दिवसांत गाडी काढते किंवा बसने जाते आणि मनाला अजिबात लावून घेत नाही. रविवारचे रंगीत कपड्यांतले सायकलवीर भर पावसात तुंगारेश्वर करून येतात आणि ‘तुम्ही थांबलात?’ म्हणून विचारतात. त्यांना सोमवारी वेळेत कॅश उघडायची नसते.

गाडीची उरलेली कारणं आता इतकी थोडी आहेत की तिची बॅटरी वरचेवर बसते. मेकॅनिक जंप स्टार्ट देताना दरवेळी रागावतो, ‘मॅडम, नुसती तरी फिरवून आणत जा.’ म्हणजे आता गाडीला जिवंत ठेवायला म्हणून गाडी चालवायची. हे नवीनच कारण! मागे २०२४ च्या फेब्रुवारीत वसई-भाईंदर रो-रो सुरू झाली तेव्हा आणखी एक कारण पाण्यात गेलं. खाडीपलीकडे समोर दिसणाऱ्या भाईंदरला आत्याकडे जायचं तर आधी महामार्ग, मग घोडबंदर, मग काशीमिरा असा सगळा फेरा घालावा लागे. आता किल्ल्याच्या जेट्टीवरून सायकल बोटीत चढवते. बोटीत सगळ्या गाड्या इंजिन बंद करून उभ्या असतात, आणि त्यांच्यामध्ये हँडल धरून उभं राहण्यात एक क्षुद्र आनंद आहे, तो मी लपवत नाही.

गेल्या दिवाळीत वॉचमन काकांनी स्कूटर घ्यायचं मनावर घेतलं, सेकंडहँड. गुडघे बोलायला लागले होते. अर्ज घेऊन आधी माझ्याच टेबलाशी आले. पगार एजन्सीचा, स्लिप कधी मिळते कधी नाही, जामीन राहायला दुसरा वॉचमन. नियमात बसेना. त्याच आठवड्यात एका घराला दुसऱ्या गाडीचं कर्ज मी सही करून दिलं, दहा लाखांच्या वरचं. तेही नियमातच होतं. काकांनी शेवटी भिशी उचलून पैसे उभे केले. त्या काळात मी त्यांना सायकलचे फायदे सांगितले नाहीत, एवढं शहाणपण मला होतं. मला सायकल हवीशी वाटली कारण गाडी दारात उभी होती. त्यांना पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा काहीतरी न दमवता पोचवणार होतं.

आता सकाळी कधी कधी आम्ही फाटकाशी एकदमच येतो. मी घामाने डबडबलेली, ते इस्त्रीच्या शर्टात. स्कूटर त्यांनी पहिल्या दिवशी नेमकी पाटीखाली लावली आणि म्हणाले, ‘मॅडम, यंदा फोटोला ही पण बाजूला घ्यावी लागेल का?’ मी म्हटलं, ‘यंदा फोटो काढायचा तर दोघांचा, नाहीतर नाही.’ ते हसले, काही बोलले नाहीत. त्यांची जुनी सायकल जनरेटरमागे उभी होती, भाचा गावाहून येऊन नेणार होता. कॅरिअरवर ट्यूबची पट्टी तशीच गुंडाळलेली. माझा डबा हँडलला लटकून रोज गुडघ्याला लागतो, म्हणून ती पट्टी मी मागून घेतली.

‘न्या की,’ काका म्हणाले, ‘पण आवळून बांधा. आमटी चेनमध्ये गेली ना, की मुंग्या येतात.’